फॉस्फरस १.३

आमच्या तालुक्याच्या गावात रक्त तपासणाऱ्या लॅब आता चौकाचौकात झाल्या आहेत. प्रत्येकीचा छापील फॉर्म असतो, त्यावर चौकोन असतात, डॉक्टरने खुणा करून द्यायच्या. हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, लिव्हर, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम. फॉस्फरसला बऱ्याच फॉर्मवर चौकोनच नसतो. हवा असेल तर खाली कोपऱ्यात हाताने लिहावा लागतो. तपासणी जुनी आहे, साधी आहे, व्हिटॅमिन डीच्या तपासणीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. तरीही वर्षानुवर्षं हाडं दुखणाऱ्या माणसांच्या जाडजूड फायलींत मी ती शोधते आणि पुष्कळदा ती सापडत नाही.

दुर्मीळ आजारांचा विषय निघाला की बोलणं लगेच जनुकांच्या तपासण्यांवर, पेट स्कॅनवर आणि मुंबई-पुण्याच्या नामवंतांवर जातं. ते सगळं लागतं, त्याबद्दलही पुढे लिहिणार आहे. पण तालुक्याच्या ठिकाणी फिजिशियन म्हणून काम करता करता माझं मत असं झालंय की दुर्मीळ आजार पकडला जातो तो त्याच्या बराच आधी. फायलीवर चढलेलं आजाराचं नाव बाजूला ठेवून कोणीतरी माणसाकडे पहिल्यापासून बघतं, तिथेच. यंत्रांचं काम त्यानंतर सुरू होतं.

एका बाईंबद्दल सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजार मात्र जसा होता तसाच.

वय पंचेचाळिशीच्या आसपास. घरी म्हशी, दूध डेअरीला घालायचं, थोडा ऊस. नवऱ्याने दंडाला धरून आत आणलं. दुसऱ्या हातात साडीच्या दुकानाची मोठी पिशवी, तिच्यात एक्स-रे, एमआरआय आणि चिठ्ठ्या खच्चून भरलेल्या. काय होतंय विचारल्यावर बाई म्हणाल्या, "म्हशीखाली बसवंना मॅडम. बसलं तर उठवंना."

पिशवीतले कागद मी तारखेप्रमाणे लावले. सुरुवातीला कंबरदुखी. मणक्यात गॅप आहे, असं सांगितलेलं. मग गादी सरकलीय म्हणून कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन. गावात चिकुनगुन्याची साथ येऊन गेली होती, त्यामुळे मधला काही काळ 'चिकुनगुन्याचा वात'. मग संधिवात, जरी संधिवाताच्या रक्ततपासण्या निर्दोष होत्या तरी. व्हिटॅमिन डीच्या ६०,००० युनिटच्या पुड्या तर इतक्या वेळा दिलेल्या की डीची पातळी उत्तम होती आणि दुखणं होतं तसंच. एके ठिकाणी झोपेची आणि मनाची गोळी सुरू झाली. मग पावलातलं एक बारीक हाड काहीही न लागता मोडलं, पुढे बरगड्या. शेवटी एका मोठ्या शहरात बोन स्कॅन झाला. बरगड्या, खुबे, ओटीपोटाचा सांगाडा, सगळीकडे ठिपके पेटलेले. रिपोर्टात कॅन्सर हाडांत पसरल्याची शंका लिहिली होती. मूळ कॅन्सर शोधायला स्तनांची तपासणी, पोटाचा सीटी स्कॅन, सगळं झालं. काहीच निघालं नाही. घरच्यांनी मात्र मनाची तयारी करून ठेवली होती. मुलाने कॉलेज सोडलं होतं.

यातल्या कोणाही डॉक्टरला मला नावं ठेवायची नाहीत. कंबर दुखते म्हणून येणाऱ्या बहुतेक बायकांना खरोखरच मणक्याचा, कष्टाचा किंवा व्हिटॅमिन डीचा त्रास असतो, आणि ओपीडीत बाहेर साठ माणसं बसलेली असताना नेहमीचा आजार आधी मनात येणं हे योग्यच आहे. अडचण पुढे येते. एकदा कागदावर नाव चढलं की पुढचा डॉक्टर त्या नावापासून सुरुवात करतो. गोळी लागू पडली नाही तर गोळी बदलते, नाव बदलत नाही. या बाईंना शेवटी जो आजार निघाला, त्याच्याच १४४ रुग्णांचा आढावा चीनमधल्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाने २०१७ साली प्रसिद्ध केला. त्यातल्या १३७ जणांचं पहिलं निदान चुकलेलं होतं. चुकलेली नावं वाचली तेव्हा मला आमच्याच भागातली पिशवी उघडल्यासारखं झालं: गादी सरकणं, मणक्याचा संधिवात, हाडं ठिसूळ होणं. इतक्या दूरच्या देशात, इतक्या मोठ्या शहरातही तीच नावं.

मी त्यांना टेबलावर न झोपवता आधी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगितलं. प्रत्येक पावलाला कंबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकत होती. मांडीचे आणि खुब्याचे स्नायू शरीराचा भार पेलत नसले की माणूस असा झुलत चालतो. खुर्चीतून उठताना त्यांनी दोन्ही तळहात मांड्यांवर रोवले आणि आपल्याच अंगावर चढल्यासारख्या हळूहळू उभ्या राहिल्या. गादी सरकल्याने असं होत नाही. छातीच्या दोन्ही बाजूंनी अगदी हलकं दाबलं तरी डोळ्यांत पाणी आलं. नडगीवर बोट दाबलं, तिथेही तेच. म्हणजे दुखत होती ती हाडं, सांधे नव्हेत. हे दोन वेगळे असतात आणि बोटाने दाबून बघितल्याशिवाय वेगळे कळत नाहीत.

उंची कमी झाल्यासारखी वाटते का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "उंचीचं काय ठावं न्हाई, पर साड्या लांब झाल्यात."

मी खाली वाकून बघितलं. नेसूची साडी जमिनीवर घासत होती. काठाला आतून लावलेला फॉल टाचेकडच्या बाजूला पार विरून त्याचे दोरे लोंबत होते. परकराची नाडी आधी होती तिथेच बांधलेली, निऱ्या वर खोचलेल्या, तरी साडी लोळतच होती. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या एका लग्नातला फोटो नवऱ्याच्या मोबाइलवर होता. त्यात बाई त्याच्या कानापर्यंत पोचत होत्या. आता खांद्यापर्यंत. मणके दबून दबून माणूस चार-पाच इंच खाली आला होता आणि ते टिपलं होतं फक्त साडीने.

हाडं मऊ पडण्याच्या या अवस्थेला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. लहान मुलांत जो मुडदूस, तोच मोठ्या माणसात. नेहमीचं कारण व्हिटॅमिन डीची कमतरता. पण इथे डी भरपूर होतं, कॅल्शियमही ठीक. फक्त हाडांच्या आणि लिव्हरच्या आजारांत रक्तात वाढणारं अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं, आणि ते प्रत्येक रिपोर्टात वाढलेलं होतं, ठळक अक्षरांत छापलेलं. कॅन्सरची शंका घ्यायला तेही कारणीभूत झालं असणार. मी फॉर्मच्या कोपऱ्यात फॉस्फरस लिहिला. संध्याकाळी लॅबवाल्याचा फोन आला की मॅडम, दोनदा लावून बघितलं, १.३ येतंय. मोठ्या माणसात ते २.५ ते ४.५ असायला हवं.

हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम, असं आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की फॉस्फरसची आठवणच येत नाही. खरं तर हाडाला कडकपणा येतो तो कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून बनलेल्या क्षाराने. दोघांतला एक कमी पडला तरी हाडाची नुसती मऊ चौकट उभी राहते, ती भरली जात नाही. स्नायूंना ताकद देणाऱ्या रेणूंतही फॉस्फेट असतंच. म्हणून ते घसरलं की हाडं दुखतात आणि पायांतलं बळही जातं, दोन्ही एकदमच. पेशंट बिचारे दोन तक्रारी सांगतात, आपण एकीलाच धरतो.

पुढचा प्रश्न असा की फॉस्फरस जातंय कुठे. पोटातून आत येत नाही की लघवीतून वाहून जातंय? यासाठी मुंबईला जावं लागत नाही. सकाळी उपाशीपोटी रक्त आणि त्याच वेळची लघवी घ्यायची, दोन्हींत फॉस्फरस आणि क्रिएटिनिन बघायचं. चार आकडे आणि एक छोटं गणित. रक्तातलं फॉस्फरस कमी झालं की निरोगी किडनी ते लघवीत सोडत नाही, जवळजवळ सगळं परत ओढून घेते. या बाईंची किडनी इतक्या टंचाईतही ते सोडून देत होती. टाकीची खालची तोटी उघडी असताना वरून बादल्या ओतत राहावं, तशा त्या व्हिटॅमिन डीच्या पुड्या गेल्या होत्या.

किडनी असं का करते, याची थोडकी कारणं आहेत आणि ती एकेक करून खोडावी लागतात. जन्मजात मुडदूस असेल तर लहानपणापासून पाय वाकलेले असतात, घरात आणखी कोणी बुटकं असतं. इथे तसं नव्हतं. कावीळ बी आणि एचआयव्हीसाठी दिली जाणारी टेनोफोव्हिरसारखी औषधं किडनीच्या नळ्यांना इजा करतात. ती कधी घेतली नव्हती. हल्ली शिरेतून लोह देण्यासाठी फेरिक कार्बोक्सिमाल्टोज खूप वापरलं जातं, त्यानेही काही जणांचं फॉस्फरस घसरतं. हे आपल्या डॉक्टरांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण रक्त कमी म्हणून सलाइनमधून लोह घेतलेल्या बायका आपल्याकडे भरपूर आहेत आणि त्यांचं अंग दुखलं तर आपण पुन्हा अशक्तपणाच म्हणतो. या बाईंनी तेही घेतलं नव्हतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांतला पेशंट असता तर पाण्यातल्या फ्लोराइडचाही विचार आधी केला असता, पण त्यात एक्स-रेवर हाडं दाट, पांढरी दिसतात आणि कोपराखालच्या दोन हाडांमधल्या पडद्यात चुना साठलेला दिसतो. इथे उलट, हाडं फिकी होती. ओटीपोटाच्या आणि मांडीच्या हाडांवर आडव्या बारीक रेघा होत्या, दोन्ही बाजूंना जवळपास सारख्याच जागी. या रेघांना लूझर झोन म्हणतात. हीच अर्धवट मोडलेली हाडं बोन स्कॅनमध्ये पेटून कॅन्सरच्या ठिपक्यांसारखी दिसली होती.

उरला तो ट्यूमर-इंड्यूस्ड ऑस्टिओमलेशिया, म्हणजे गाठीमुळे हाडं मऊ पडण्याचा आजार, ज्याचे रुग्ण जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत मिळून हजारभर नोंदले गेले असतील. शरीरात कुठेतरी एक लहानशी गाठ असते, बहुधा साधी, कॅन्सर नसलेली. ती एक हार्मोन तयार करते आणि ते हार्मोन किडनीला फॉस्फेट फेकून द्यायला लावतं. गाठ दुखत नाही, वाढत नाही म्हटलं तरी चालेल. ती राहते एकीकडे आणि हाडं मोडतात दुसरीकडे.

या आजाराचा इतिहास मला फार जवळचा वाटतो. १९४७ साली रॉबर्ट मॅकान्स या ब्रिटिश डॉक्टरने हाडं मऊ पडून चालणं बंद झालेल्या एका मुलीबद्दल लिहिलं. मॅकान्स म्हणजे अन्नपदार्थांत काय किती असतं याचे तक्ते बनवणारा माणूस, साहजिकच त्याने व्हिटॅमिन डीच्या अंगाने विचार केला आणि प्रचंड मात्रा दिली. तिच्या मांडीच्या हाडातली एक गाठ काढली गेली आणि मुलगी बरी झाली. गाठ आणि बरं होणं यांचा संबंध त्याने जोडला नाही. शरीराचा व्हिटॅमिन डीला विरोध होता, असाच निष्कर्ष त्याने काढला. पण त्याने सगळं तपशिलात लिहून ठेवलं होतं, म्हणून पुढच्यांना ते वाचता आलं. १९५९ साली झुरिकमध्ये अँड्रिया प्राडर या बालरोगतज्ज्ञासमोर मुडदूस झालेली अकरा वर्षांची मुलगी आली, तिच्या बरगडीत गाठ होती. गाठ काढल्यावर मुडदूस गेला. प्राडरने स्पष्ट म्हटलं की ही गाठच मुडदूस करणारा पदार्थ सोडत असली पाहिजे. पदार्थ कोणता हे कळायला आणखी चाळीस वर्षं गेली. २००१ साली जपानी संशोधकांनी अशाच गाठीतून तो शोधला: एफजीएफ-२३. आपल्या सगळ्यांच्या हाडांच्या पेशी तो थोडा थोडा बनवतच असतात, रक्तातलं फॉस्फेट प्रमाणात राहावं म्हणून. किडनीला तो दोन हुकूम देतो: फॉस्फेट सोड, आणि व्हिटॅमिन डीचं कामाचं रूप तयार करणं थांबव. गाठ तोच पदार्थ बेसुमार बनवते. डीच्या पुड्यांनी काही होत नव्हतं त्याचं कारणही हेच.

गाठ शोधायची कशी? ती जबड्यात असू शकते, नाकाच्या पोकळीत, मांडीत, पायाच्या तळव्यात, हाडाच्या आत. पहिलं साधन आपले हात. मी त्यांच्या काखा, जांघा, पोटऱ्या चाचपल्या, तोंड उघडायला लावून हिरड्यांवरून बोट फिरवलं. मग पाय वर घ्यायला सांगितलं. आमच्याकडे पेशंट चपला दाराबाहेर काढून येतात, टेबलावर झोपतात, आपण गुडघ्यापर्यंत बघतो आणि उतरा म्हणतो. तळपाय सहसा कोणी बघत नाही. उजव्या टाचेच्या आतल्या बाजूला त्वचेवर जुना काळा डाग होता आणि त्याखाली बोटाला काहीतरी टणक लागत होतं.

"त्ये कुरूप हाय मॅडम. लई जुनं. बिब्बा घातलावता त्याला सासूनं."

बिब्ब्याने कातडी भाजून निघाली होती, आतली गाठ जागच्या जागी. कुरूपाला मधोमध एक कठीण खिळा असतो, दाबलं की टोचतं, आणि ते वरच्या जाड कातडीतच असतं. हे खोल होतं, रबरासारखं, कातडी त्यावरून सरकत होती. कधीपासून आहे विचारलं तर थोरलीच्या लग्नाच्या आधीपासून. कंबर दुखायला लागली ती लग्नानंतर.

इथून पुढे मोठी रुग्णालयं आणि मोठी यंत्रं. एफजीएफ-२३ची तपासणी करायला रक्त बाहेर पाठवावं लागलं, ते वाढलेलं आलं. त्यानंतर गॅलियम डोटाटेट पेट-सीटी. या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन नावाच्या हार्मोनला पकडणारे ग्राहक असतात, तिथे हे किरणोत्सारी द्रव्य जाऊन चिकटतं आणि जागा उजळते. पण कॅन्सरसाठी पेट स्कॅन काढायची नेहमीची रीत कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत असते. तेवढाच काढला असता तर या बाईंच्या शरीरात काहीही नाही, असा स्वच्छ रिपोर्ट आला असता आणि आजार पुन्हा बेपत्ता झाला असता. म्हणून चिठ्ठीवर लिहावं लागतं: डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत, हातही धरून. मी ते मोठ्या अक्षरांत लिहिलं, फोन करून सांगितलं, आणि नवऱ्यालाही पाठ करायला लावलं. त्याने स्कॅनच्या टेबलापाशी तंत्रज्ञाला ते तीनतीनदा सांगितल्याचं मला नंतर कळलं. टाच उजळली. बाकी कुठेही काही नव्हतं.

मुंबईच्या केईएममधल्या एंडोक्रायनॉलॉजी, म्हणजे हार्मोनच्या आजारांच्या विभागाने अशा रुग्णांवर बराच अभ्यास करून तो प्रसिद्ध केला आहे. दिल्लीचं एम्स, चंदीगडचं पीजीआय, वेल्लोरचं सीएमसी यांनीही. त्यामुळे आपल्या देशात हे निदान आणि उपचार होत नाहीत, ही समजूत काढून टाकायला हवी. होतात, आणि उत्तम होतात. पेशंट तिथपर्यंत पोचायला उशीर होतो तो खाली, आमच्या पातळीवर.

गाठ काढली. दीड सेंटिमीटर. सर्जनने भोवतीचा थोडा निरोगी भाग घेऊन काढली, कारण कडेला काही पेशी राहिल्या तर गाठ परत येते, आणि तळपायात मोकळी जागा फार नसते.

आता पॅथॉलॉजिस्टबद्दल. अशा आजारांत त्यांचं काम पुरेसं सांगितलं जात नाही, म्हणून थोडं सविस्तर. गाठीचा तुकडा बरणीत येतो, बरणीसोबत एक चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर 'टाचेची गाठ' एवढंच असेल तर मायक्रोस्कोपखाली जे दिसतं त्याला पाच-सहा नावं देता येतात. दिसतं काय, तर निमुळत्या, शांत दिसणाऱ्या पेशी, त्यांच्यामध्ये पुष्कळ रक्तवाहिन्या, अधूनमधून अनेक केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशी आणि मळकट, धुरकट निळसर दिसणारा चुन्याचा कच. तो कच हीच खूण, पण ती माहीत असलेल्यालाच खूण वाटते. कित्येक वर्षं या गाठींना हिमॅन्जिओपेरिसायटोमा, जायंट सेल ट्यूमर अशी नावं मिळत राहिली. १९८७ साली वायडनर आणि सांताक्रूझ यांनी त्यांना फॉस्फेट वाहवणाऱ्या गाठी म्हणून एक नाव दिलं, आणि २००४ साली फोल्प आणि सहकाऱ्यांनी जुन्या गाठी पुन्हा तपासून दाखवलं की निरनिराळ्या नावांखाली पडलेल्या यातल्या बहुतेक गाठी एकच आहेत. २०१५मध्ये तर सुमारे निम्म्या गाठींत दोन जनुकं एकमेकांना चिकटल्याचंही सापडलं. बाईंच्या गाठीची स्लाइड बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टबाई माझ्या ओळखीच्या नव्हत्या. चिठ्ठीवर मी आणि सर्जनने मिळून फॉस्फरसचा आकडा, बरगड्यांचे फ्रॅक्चर, उंचीचं कमी होणं, सगळं लिहिलं होतं. त्यांनी स्वतःहून फोन केला. म्हणाल्या, "हे लिहिलं नसतं तर मी दुसरंच नाव दिलं असतं. आता तो कच मला सगळीकडे दिसतोय." निदान हे काही एका माणसाच्या डोक्यात उमटत नाही, ते चिठ्ठ्यांवरून चालत जातं. आपण चिठ्ठ्या फार कंजूषपणे लिहितो.

लहान आकाराच्या आणि मोठा उत्पात करणाऱ्या गाठी आणखीही आहेत. स्वादुपिंडातला इन्शुलिनोमा दहा लाख लोकांमागे वर्षाला एक ते चार जणांना होतो. रक्तातली साखर उपाशीपोटी घसरते, माणूस बरळतो, घामाघूम होतो, कधी फिट येते. आणि काही गोड तोंडात घातलं की पाच-दहा मिनिटांत ताळ्यावर येतो. आपल्याकडे याचा प्रश्न विचारायची सोपी वाट आहे: उपवासाच्या दिवशी काय होतं? चतुर्थीला, निर्जळी एकादशीला? 'अंगात येतं' असं सांगितलेल्या बाईची त्याच क्षणी साखर बघायला हवी. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतला फिओक्रोमोसायटोमा अचानक बीपी चढवतो, छाती धडधडवतो, आणि त्याचं निदान घाबरण्याचा विकार म्हणून होत राहतं. या गाठीची पहिली सविस्तर नोंद १८८६ सालची, जर्मनीत फ्रायबुर्गची. मिना रोल नावाची अठरा वर्षांची मुलगी झटके येऊन दगावली. शवविच्छेदनात दोन्ही बाजूंना गाठी मिळाल्या. २००७ साली संशोधकांनी तिच्या कुटुंबातले हयात नातेवाईक शोधून काढले आणि त्यांच्यात या गाठींमागचा आनुवंशिक दोष आढळला. १२१ वर्षांनी त्या मुलीचं निदान पूर्ण झालं, आणि ज्यांना पुढे धोका होता त्यांना वेळेत कळलं. फॅमिली हिस्टरीचा रकाना 'विशेष नाही' असं लिहून मोकळं होताना मला ती मुलगी आठवते, आणि मी आणखी एकदा विचारते: आत्या, मावश्या, आजी, कोणी तरुणपणी अचानक गेलं का?

दुर्मीळ म्हणजे किती, याचे आकडे देशोदेशी वेगळे आहेत. युरोपात दहा हजारांत पाचपेक्षा जास्त नाही, अमेरिकेत संपूर्ण देशात दोन लाखांहून कमी. आपल्याकडे पुरेशी नोंदच नसल्याने २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाने आकड्याची व्याख्या केली नाही. त्या धोरणाखाली ठरलेल्या केंद्रांपैकी एक केईएम आहे, आणि तिथे उपचारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद पुढे झाली. रक्कम मोठी वाटते, पण आयुष्यभर चालणाऱ्या काही औषधांपुढे ती पुरत नाही. या बाईंच्या आजारातही, गाठ सापडली नाही किंवा काढता आली नाही, तर एफजीएफ-२३ला अडवणारं बुरोसुमॅब हे इंजेक्शन आहे, अमेरिकेत त्याला २०२०मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली. आमच्या भागातल्या घरांना ते परवडणार नाही. मग उरतं दिवसातून चार-पाच वेळा घ्यायचं फॉस्फेटचं पातळ औषध आणि कॅल्सिट्रिऑल, म्हणजे व्हिटॅमिन डीचं कामाचं रूप. फॉस्फेटने जुलाब होतात, पण माणूस चालता राहतो. हे मी एवढ्यासाठी लिहिते आहे की ज्यांची गाठ अजून सापडलेली नाही त्यांनी उपचार सोडून घरी बसू नये. गाठ आज दिसली नाही तरी काही वर्षांनी पुन्हा स्कॅन केल्यावर दिसते.

शस्त्रक्रियेनंतर आठवड्याच्या आत फॉस्फरस २.५च्या वर गेलं. हाडं भरायला महिने लागले. उंची परत येत नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या की साड्या कापून घेते. मुलगा पुन्हा कॉलेजात जायला लागला. त्याने कर्ज काढून धार काढायचं मशीन आणलंय, पण एक म्हैस मशीनला पान्हवत नाही, तिच्याखाली बाई स्वतः बसतात. एक्स-रेवरच्या रेघा भरल्याशिवाय बसायचं नाही, ही माझी अट त्यांनी पाळली, कुरकुर करत का होईना.

गाठ परत येऊ शकते, वर्षांनंतरसुद्धा. म्हणून त्यांच्या नव्या फायलीच्या पहिल्या पानावर मी एक पत्र लावून दिलंय, मी नसताना त्या ज्या कोणा डॉक्टरकडे जातील त्याच्यासाठी. आजाराचं पूर्ण नाव, गाठ कुठली, किती मोठी, कडा मोकळ्या होत्या की नाही, स्लाइडचा नंबर आणि गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा कोणत्या लॅबमध्ये जपून ठेवलाय. त्याखाली लिहिलंय की दरवर्षी उपाशीपोटी फॉस्फरस बघावं, कंबर दुखत नसली तरी. कमी आलं तर फॉस्फेटचं औषध सुरू करण्याआधी एफजीएफ-२३साठी रक्त काढून ठेवावं, उजवी टाच हाताने चाचपून बघावी, आणि स्कॅन लिहिताना पायाची बोटं धरून लिहावा.